हळदीच्या दिवशी चढलेलं पाणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या सोसायटीच्या चेअरमन मृणालिनीताई सामंत, व्यासपीठावर संकोचून खुर्चीच्या कडेला बसलेले आपले गिरणीवाले धर्माजी, ज्यांच्यासाठी आपण सगळे गच्चीवर जमलो आहोत ते जयवंतभाऊजी तुळसकर आणि आमची सुगंधा, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या भगिनींनो, बंधूंनो आणि बालगोपाळांनो,

महिला मंडळातर्फे मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. दोन शब्दांत मला साधी भाजीसुद्धा घेता येत नाही, हे बोरिवलीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी प्रयत्न करते.

धर्माजी व्यासपीठावर कसे, असं मघाशी कोणीतरी कुजबुजलं. बोलण्याच्या ओघात ते कळेलच. तोवर धर्माजी, जरा मागे सरकून नीट बसा.

जयवंतभाऊजी आणि सुगंधा आपली जागा सोडून कुडाळला चाललेत. तिथल्या नव्या तांत्रिक विद्यालयात भाऊजी शिकवणार आहेत आणि सुगंधाने टेलिफोन एक्स्चेंजमधली आपली बदली तिकडे करून घेतली आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण हा आनंद कुठून सुरू झाला, हे नव्याने राहायला आलेल्या मंडळींना माहीत नाही, म्हणून थोडं मागे जाते.

भाऊजी अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे नकाशे काढायचे. एके दिवशी कारखान्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल, असं करता करता वर्ष गेलं. आपण माणसं वाईट नाही हो, पण आपल्याला विचारायची खोड फार. जिन्यात दिसले की, "काय मग, कुठे काही जमलं का?" नाक्यावर दिसले की तेच. मग भाऊजी दिसायचेच बंद झाले.

दिसायचे बंद झाले आणि ऐकू यायला लागले. खाली गॅरेजात ठोकठोक सुरू झाली. भंगारवाल्याकडून त्यांनी एक मोटारसायकल आणली होती. मोटारसायकल म्हणजे काय, तर गंजलेला सांगाडा आणि दोन गोणी भरून सुटे भाग. टाकीवरचं नावसुद्धा पुसलेलं. आमचे हे गॅरेजात डोकावून आले आणि म्हणाले, "अगो मालन, ह्या जन्मात काय ती उभी रवाची नाय!"

सुगंधाचे हाल तर विचारू नका. रेशनचं रॉकेल घमेल्यात ओतून हा माणूस नट-बोल्ट धुतोय. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून क्लचच्या प्लेटा वाळत घातल्यात. एकदा सकाळी ती पूजेला बसली, तर ताम्हनात कार्बोरेटर! मी तेव्हा साखर मागायला गेले होते. सुगंधा म्हणाली, "अहो, आता देवाला आंघोळ कशात घालू? पेट्रोलमध्ये?"

भाऊजींनी ताम्हनातला कार्बोरेटर उचलून फडक्यात गुंडाळला आणि ते खाली निघून गेले.

मला हसू आलं होतं. सुगंधाकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं. ती म्हणाली, "ताई, ताम्हनाचं काही नाही गं. घासलं की निघेल. पण हा माणूस माझ्याशी बोलतच नाही. ड्युटीवर दिवसभर कानाला लोकांचे आवाज, आणि घरी आलं की चिडीचूप. जे काय बोलायचं ते त्या गाडीशी."

मी साखर घेऊन घरी आले.

आणि मग आलं आमच्या अनुपमाचं लग्न. शहाऐंशी सालची गोष्ट. खाली आवारात मांडव, गावाहून आलेले पाहुणे चारी मजल्यांवर घरोघरी विखुरलेले, आचाऱ्याची चूल पेटलेली. सकाळी मुलीला हळद लागली. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झालेली पोरगी न्हाणीघरात गेली, नळ सोडला, आणि नळाने नुसता सुस्कारा टाकला.

गच्चीवरची टाकी कोरडी ठणठणीत! खाली पंपाच्या खोलीत जाऊन बघतात तर मोटर जळलेली, सगळीकडे धूर. जमिनीखालची टाकी काठोकाठ भरलेली, पण ते पाणी चार मजले चढणार कसं? रविवार. इलेक्ट्रिशियन आला, वास घेतला आणि म्हणाला, "बाई, पूर्ण वाइंडिंग गेलंय. आज काही होत नाही." पुरुषांनी बादल्या चढवायला घेतल्या. पण एवढ्या माणसांच्या आंघोळी, भांडी, शौचालयं, बादल्यांनी कुठवर निभणार? तिकडे वऱ्हाड मालाडहून निघालं असा निरोप आला. माझी अक्षरशः वाट लागली. मी जिन्यातच बसले.

तेव्हा भाऊजी समोर येऊन उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना उजेडात नीट पाहत होते.

"वहिनी, पंप ठणठणीत आहे. मोटरच गेलीय. पंपाला फिरवणारं काहीतरी मिळालं तर पाणी चढेल."

"काय फिरवणार, भाऊजी?"

त्यांनी गॅरेजकडे पाहिलं. मी घाबरतच विचारलं, "चालू होते का पण ती?"

"एकदा झाली होती."

"कधी?"

"मंगळवारी."

आपला पंप जुन्या पद्धतीचा होता. मोटर वेगळी, पंप वेगळा, मध्ये पट्टा. भाऊजींनी मोटारसायकल ढकलत पंपाच्या खोलीच्या दारात आणली, स्टँडवर चढवून विटांनी पक्की केली. मागच्या चाकाचा टायर काढला. आता उघड्या रिमवरून पट्टा टाकायचा आणि पंपाच्या चाकाला जोडायचा. पण पट्टा आखूड! आमचे हे धावत गेले धर्माजींच्या गिरणीवर. तिथे ही दळणाच्या डब्यांची रांग. धर्माजींनी काय सुरू आहे ते ऐकलं, बटण बंद केलं आणि चालत्या गिरणीचा पट्टा उतरवून खांद्यावर टाकला. रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या, तर म्हणाले, "लग्नघर हाय. चपात्या उद्या खा." मंडळी, म्हणून आज धर्माजी व्यासपीठावर आहेत. वाजवा टाळ्या!

पट्टा चढला. भाऊजींनी किक मारली. एकदा, दोनदा, कितीदा तरी. शेवटी एकदाची ती खोकली आणि धडधडायला लागली! सगळ्यांनी आरोळी ठोकली. पंप गरागरा फिरला, आणि पाणी? थेंब नाही.

भाऊजींनी इंजिन बंद केलं. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो जयवंतराव, बादल्याच बऱ्या." त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी घरी येताना असाच दिसला असेल. ते पुन्हा गॅरेजात जाऊन दार लावून घेणार, असं मला वाटलं. सुगंधालाही तेच वाटलं असणार. लग्नासाठी नेसलेली अंजिरी रेशमी साडी, केसात गजरा, अशी ती गर्दीतून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "काय चुकतंय, मला सांगा तरी."

भाऊजी पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उलटा फिरतोय गं. पंप उलटा फिरतोय." आणि त्यांनी पट्टा काढला, मध्ये एक पीळ दिला, मराठी चारच्या आकड्यासारखा, आणि परत चढवला. चाक तेच, पट्टा तोच, पण आता पंप सुलट फिरणार.

अडचण एकच. पट्टा निसटू नये म्हणून भाऊजींना पंपापाशी थांबणं भाग होतं. मग गाडीची मूठ कोण धरणार? सुगंधाने पदर खोचला आणि सरळ सीटवर जाऊन बसली! "दाखवा. किती पिळायचं?"

"एवढंच. हाताकडे बघू नकोस, आवाज ऐक. आवाज बदलला की समज."

"आवाज ऐकायचाच पगार घेते मी," सुगंधा म्हणाली.

इंजिन तापू नये म्हणून मांडवातला पंखा आणून पुढे लावला. त्या धडधडाटात दोघांचं बोलणं सुरू झालं. "कमी कर!" "काय?" "कमी!" "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही!" "अगं, जास्त झालं!" "मग आधी सांगायचं ना!" महिनोन्महिने ज्या घरातून आवाज येत नव्हता, त्या घरातला नवरा भर आवारात बायकोवर ओरडत होता, आणि बायको गजरा सावरत पोट धरून हसत होती. मंडळी, माझ्या मुलीचं लग्न होतं, पण खरं सांगते, माझे डोळे पहिल्यांदा भरले ते तिथे.

आणि वरून अनुपमाची हाक आली, "आई गं, आलं! पाणी आलं!"

टाकी भरत होती तोच वऱ्हाड दारात. आमचे व्याही चंद्रप्रकाशराव बघतच राहिले. मांडवाच्या दाराशी रेशमी साडीतली बाई मोटारसायकलवर बसलीय, गाडी धडधडतेय, आणि जागची हलत नाहीये! त्यांनी यांना हळूच विचारलं, "ही आपल्याकडची काही पद्धत आहे का?" आमचे हे गंभीरपणे म्हणाले, "होय तर. गावाकडची. फार जुनी."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. खरी हकिकत कळल्यावर चंद्रप्रकाशराव पुढच्याच आठवड्यात आपली बंद स्कूटर घेऊन हजर झाले. मग कोणाचा मिक्सर, कोणाची शिलाई मशीन. गॅरेजचं दार दिवसभर उघडं राहायला लागलं. संध्याकाळी ड्युटीवरून आलेली सुगंधाही तिथेच, हातात पाना नाहीतर चहाचा कप. आता तर ती प्लग स्वतः साफ करते. कारखाना काही उघडला नाही, पण भाऊजींना तो कधी उघडेल हे विचारायचं आपणही विसरलो.

परवा मी सामान बांधायला गेले होते. म्हटलं, "सुगंधा, एवढी मुंबई सोडून चाललीस, मन लागेल का गं?" तर म्हणाली, "ताई, तिथल्या घराला लागून मोठी पडवी आहे. यांची हत्यारं तिथे मांडायची ठरलंय. मी एकच अट घातलीय, माझ्यासाठी तिथे एक स्टूल पाहिजे."

आता महिला मंडळाने भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ ठरवलं होतं. ते ऐकलं आणि आम्ही बेत बदलला. ते पाहा, कागदात गुंडाळलेलं, चार पायांचं. सागवानी आहे, पक्कं आहे. सुगंधा, ये, सगळ्यांसमोर बसून बघ. डुगडुगलं तर दुरुस्त करणारा माणूस तुझ्या शेजारी आहे!

गच्ची सजवणाऱ्यांचे, पन्हं करणाऱ्यांचे आणि माझं एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाची थट्टा अंमळ जास्त झाली असेल, तर मालन नेरूरकर तुमचीच आहे असं समजून पोटात घाला. जयवंतभाऊजी, सुगंधा, सुखाने जा, आणि तिथेही एकमेकांशी असंच मोठ्याने बोला. नमस्कार.