सुई आत असेपर्यंत

डॉक्टर : ...आणि घरात आणखी कुणाला थायरॉइडची गाठ? आई, बहीण, कुणालाही?

आई : छे. आमच्या सात पिढ्यांत नाही. आमचे गळे खणखणीत. हिला विचारा, माझी हाक चार घरं ओलांडून जाते.

लेक : पाच.

डॉक्टर : बरं काकू, हनुवटी वर. सुई बारीक आहे. गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या आणि तपासायच्या. दोनदा टोचेन. सुई आत असेपर्यंत बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही.

लेक : आईला गप्प बसवलंत तर तुम्हाला मानलं.

आई : चावट आहे मेली. टोचा तुम्ही.

(सुई मानेत जाते.)

लेक : आई, आता तुला बोलता येत नाही म्हणून सांगते. डॉक्टर, आईनं दिलेलं उत्तर चुकीचं आहे. मला झाली होती. अशीच गाठ.

डॉक्टर : काकू, हलू नका.

लेक : कॅन्सरची निघाली. गेल्या वर्षी ट्रेनिंगला म्हणून गेले ना, ते ऑपरेशन होतं.

डॉक्टर : अहो ताई, सुई आत आहे. ही काय वेळ झाली?

लेक : हीच वेळ. एरवी ती मला वाक्य पुरं करू देत नाही. तेव्हा सांगितलं असतं तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं, आणि मीच तिची समजूत घालत बसले असते. तेवढं बळ नव्हतं माझ्यात.

डॉक्टर : झालं, काढली सुई. काकू, हा कापूस दाबून धरा. आता बोललात तरी चालेल... काकू?

लेक : आई, बोल ना काहीतरी.

आई : तुझ्या गळ्यातला रुमाल सोड.

लेक : आई, राहू दे ना.

आई : सोड म्हणते ना... अगं बाई. एवढा व्रण. आणि मी म्हणायचे, उन्हातान्हात रुमाल गुंडाळते, फॅशनचं खूळ. आवाज बसला होता तुझा, तर थंड पितेस म्हणून फोनवर झापलं मी.

लेक : आता बरी आहे मी. खरंच.

आई : उशाशी कोण होतं?

लेक : नर्स होती की.

आई : नर्स.

डॉक्टर : थोडं पाणी घ्या. दुसऱ्यांदा टोचायचं ते जरा वेळानं करू.

आई : नको, आत्ताच टोचा. मी गप्प पडते. आणि तू इकडे ये, हात धर माझा. उरलेलं सांग.