बोंबलांवरचं शास्त्रीय संगीत

जुन्या सीडींचं काय करायचं ते मला विचारू नका. दोन वर्षांपूर्वी मी सगळी गाणी एका ॲपवरून मोबाइलवर डाउनलोड केली आणि सीडी काढून टाकायला घेतल्या. ऑफिसातली उत्तनची मार्था म्हणाली, "मला दे." वाटलं, चला, कोणीतरी दर्दी भेटलं. एकेक पुसून दिली.

परवा सुके बोंबील आणायला तिच्या घरी गेलो आणि थिजलोच. वाळत घातलेल्या बोंबलांवर माझं अख्खं शास्त्रीय संगीत दोऱ्यांनी लटकत होतं.

"मार्था, हे काय?"

"चमकलं की कावळे येत न्हाय."

"अगं, पण गाणी?"

"ती तुझ्या मोबाइलात हाय ना?"

ऐकवायला मोबाइल काढला. ॲपचं सबस्क्रिप्शन संपलेलं, डाउनलोड केलेलं एकही गाणं लागेना.

मार्था बोंबील उलटत म्हणाली, "माझ्या सीडी बघ, दोन वर्षं उन्हात हाय. अजून चालतात."