पुराव्यादाखल खोकला

दवाखान्यात नंबर लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. बाकावरचे नवरा-बायको बाळाला मांडीवर घेऊन हळू आवाजात बोलत होते, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"डॉक्टरांसमोर ही मेली खोकतच नाही. मागच्या वेळी आपणच खोटे पडलो."

"म्हणून तर काल दुपारी रेकॉर्डिंग लावून फोन पाळण्याखाली ठेवला आणि मीही तिथंच आडवा झालो. चांगला वीस मिनिटं खोकला मिळालाय."

"लाव बघू."

फोन खोकू लागला.

"फारच घोगरा येतोय रे."

"घसा बसलाय पोरीचा."

"आणि खोकून झाल्यावर ती 'रिमोट कुठं गेला' म्हणाली."

"मग?"

"आठ महिन्यांची आहे ती."

बाईंनी पेन उचललं.

"नंबर तोच राहू दे. बाबांचं वय किती लिहू?"