रांजणातलं पाणी

पार्वतीबाई जुलाब-उलट्यांनी गेली, हे डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. तेव्हापासून व्यंकटराव नांदेडच्या सरकारी दवाखान्यात बाकावर बसून होते. दुपारी शेजारी दोघं टेकले. अर्धापूरच्या ज्या चिप्स कारखान्यात ती केळी सोलायची, तिथलेच. आणखी दोन आजारी बायांना घेऊन आले होते. व्यंकटरावांना ते ओळखत नव्हते.

“जिलानी, प्यायच्या रांजणात ते पाणी सोडलंस कसं?”

“परवा टँकर आला न्हाई, साहेब. बाया तहानेनं बोंबलून राहिल्या होत्या. टाकीतलं पाणी तुरटीनं काचेवाणी झालतं.”

“अरे, केळी धुतलेलं पाणी ते! फिरून केळीच धुवायची त्यानं. माणसाला पाजायचं असतंय का?”

“पाव्हण्यांना टाकी दाखवताना तुमीच म्हणले, पाणी साफ झालं. लई मिरवत होते.”

“हळू बोल. पोरगी लातूरला क्लासला हाय माझी. नोकरी गेली तर तिला घरी आणावं लागंल. कुणी इचारलं तर म्हणायचं, बायांना लग्नातलं जेवण बाधलं.”

“मेली ती बाई कुठं लग्नाला गेलती? मलाच म्हणली, भाऊ, आज पाणी लई गार हाय.”

व्यंकटराव उठून त्यांच्यापुढं उभे राहिले.

“रांजणाचा नळ बंद केला का?”

“तुमी कोण, काका?”

“पार्वतीचा नवरा. नळ बंद केला का?”

“न्हाई. गडबडीत राहिला.”

“मग आत्ता फोन लाव.”

जिलानीनं साहेबाकडं पाहिलं. कारखान्यात दुपारची पाळी सुरू झाली होती, आणि रांजण अजून कुणी रिकामा केला नव्हता.