तीन मिनिटांची घंटी

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, मुख्याध्यापिका श्रीमती अमुंडसन. शेजारी बसलेले पाद्रीबुवा. शाळा मंडळातले माझे सहकारी. घरून ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल करून आणणाऱ्या समस्त आयाबाया. आणि सत्कारमूर्ती हाव्लिकबाई,

एकतीस वर्षं बाईंनी नेब्रास्कातल्या या गावाला अमेरिकन कादंबरी शिकवली. मलाही शिकवली, म्हणजे प्रयत्न केला. माझं सगळं लक्ष फुटबॉलकडे! बाई म्हणायच्या, "डेल, झेंड्यापुढे उभं राहून आपण कोण ते अर्धंच कळतं रे. उरलेलं वाचावं लागतं." मी काही वाचलं नाही.

गेल्या महिन्यात एका पालकाची लेखी तक्रार आली. बाई शिकवतात ती मांस कारखान्यातल्या मजुरांची कादंबरी म्हणे देशाची बदनामी करते. मंडळाची सभा भरली. बोलणाऱ्याला आपल्याकडे तीन मिनिटं मिळतात, आणि मंडळाचा अध्यक्ष म्हणून घंटी माझ्या हातात. बाईंची अकरावीतली विद्यार्थिनी येसेनिया उठली. तिचे आईवडील दोघंही अशाच कारखान्यात कामाला. म्हणाली, "हे पुस्तक वाचेपर्यंत मला वाटायचं, या देशात मी पाहुणी आहे. पण त्यातली आजी..." मी घंटी वाजवली. नियम म्हणजे नियम, नाही का?

मग मतदान झालं. तीन विरुद्ध तीन, सातवं मत माझं. कादंबरी अभ्यासक्रमातून गेली. दुसऱ्या दिवशी बाईंचा राजीनामा आला.

प्रती खोक्यात भरताना मी एक सहज उघडली. पुठ्ठ्याच्या आत, पुस्तक कुणाकुणाला दिलं त्यांची नावं असतात ना, त्यात माझं नाव! डेल ओस्टरमन, १९९३. सगळ्यात खाली येसेनिया. ती प्रत मी घरी नेली आणि वाचून काढली. आजीच्या मोडक्या इंग्रजीला गाव हसतं, आणि तिचाच नातू मोठा होऊन नव्या आलेल्यांना हसतो. अहो, माझी जर्मन आजी अस्संच बोलायची!

परवा बाईंना विचारलं, "आता मी काय करू?" त्या म्हणाल्या, "आता काय करणार तू, डेल?" खरंच आहे. झालेला ठराव वर्षभर पुन्हा घेता येत नाही. तो नियमही मीच आणला होता.

येसेनिया मागे बसली आहे. तिचं वाक्य पुढे काय होतं, तेही मी विचारलं. ती म्हणाली, "जाऊ द्या, सर. वेळ संपली होती ना."

कॉफी करणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मतदानाचंही पोटात घाला म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. माझी तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली. कुणी घंटी वाजवली नाही, त्याबद्दल आभारी आहे.