नववीच्या वर्गाने घेतलेले ठसे

मी, विज्ञान शिक्षिका, वय ३४ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार शाळेमागच्या गल्लीत, आज ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी आईसोबत राहते. या वर्षापासून नववीच्या वर्गाला दर शनिवारी गुन्ह्याचा शास्त्रीय तपास हा जादा तास घेते. बोटांचे ठसे उचलणे, धागे व डाग तपासणे, साक्षीदाराला प्रश्न विचारणे असे त्यात शिकवले जाते. परवानगी देताना मुख्याध्यापिका बाईंनी, "एक टाचणी जरी हरवली तरी तुमचा हा खेळ बंद," असे बजावले होते.

आज मुलांच्या सरावासाठी मी खोटी चोरी रचली. चित्रकलेच्या सरांनी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक उचलून आपल्या खोलीतील लोखंडी कपाटात ठेवायचा, असे आमचे ठरले होते. शाळेत चालू स्थितीतला तेवढा एकच आहे. चोर म्हणून सरांनाच का निवडले, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांच्या हाताला नेहमी रंग लागलेला असतो, त्यामुळे पुरावा सोडणे सोपे जाते. दुसरे कारण नाही.

मुलांनी प्रयोगशाळेच्या दाराच्या मुठीवरचा निळा रंग लगेच शोधला. वर्गात जिला सगळे वकीलीणबाई म्हणतात त्या मुलीने सरांची उलटतपासणी घेतली. सर आधी नाही म्हणाले, मग रडवेल्या आवाजात कबूल झाले. अभिनय चांगला होता. त्यांनी कपाट उघडले. कपाट रिकामे होते.

मी सरांकडे पाहिले. सर माझ्याकडे पाहत होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, हे आपलं ठरलं नव्हतं." मुलांनी मात्र टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, मी तपासाचा दुसरा भाग ठेवला आहे. मी खरे सांगण्यासाठी तोंड उघडले, पण तोवर अर्धा वर्ग कपाटावर पेन्सिलच्या शिशाची भुकटी उडवत होता आणि दोन मुली पिवळी पट्टी घेऊन फाटक अडवायला गेल्या होत्या. हे सगळे मीच शिकवले होते.

कपाटाच्या दारावर सरांचे सोडून आणखी एका माणसाचे ठसे मिळाले. अंगठ्यावर आडवा व्रण होता. तेव्हा मुलांनी इमारतीत असलेल्या प्रत्येकाचे ठसे घ्यायला सुरुवात केली. शिपायांनी दिले. मुख्याध्यापिका बाई, "मी कशाला चोरीन?" म्हणाल्या. वकीलीणबाई म्हणाली, "बाई, सगळे असंच म्हणतात." बाईंनी मुकाट्याने दहाही बोटे दिली.

चित्रकलेच्या खोलीत सकाळपासून पंखे दुरुस्त करणारा एक इसम काम करत होता. मुले शिक्क्याची शाई घेऊन त्याच्याकडे गेली. बोट कसे टेकवायचे हे ती समजावून सांगणार, एवढ्यात त्याने हात फडक्याला पुसले, अंगठा शाईवर फिरवला आणि कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश लोळवला. मग बाकीची बोटे क्रमाने. कुणी काही सांगितले नव्हते.

वकीलीणबाई म्हणाली, "काका, तुम्हाला किती छान येतं. कुठे शिकलात?"

तो म्हणाला, "सवयीनं येतं, बाळा."

हे वाक्य त्याच्या तोंडून गेल्यावर तो स्वतःच थबकला. माझेही डोके तेव्हाच चालले. मुलांनी कागद भिंगाखाली धरला. अंगठ्यावर आडवा व्रण होता. सर दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातात फक्त रंगाचा ब्रश होता, तरी मला धीर आला.

सदर इसमाने आपण होऊन हत्यारांची पिशवी उघडली. सूक्ष्मदर्शक जुन्या टॉवेलात नीट गुंडाळलेला होता. तो स्टुलावर बसून म्हणाला, "मगाशीच गेलो असतो. पण त्या फाटकावरच्या पोरी सोडतच नव्हत्या. दोनदा परत पाठवलं मला, चिठ्ठी आणा म्हणाल्या."

तेव्हा मी मुलांना सांगितले की, ही चोरी खरी होती. मग जो गलका झाला त्याची शेजाऱ्यांनी तक्रार केल्याचे मला येथे आल्यावर समजले. त्या गलक्यात मीही होते. सरांनी मला उचलले, असे काही मुले सांगतात. त्याबाबत मला काही सांगायचे नाही.

मुख्याध्यापिका बाई शाईचे हात साबणाने घासत आल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला, इसमाला पाहिले आणि मला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपासून आठवीलाही बसवा."

आपले कर्मचारी इसमाला घेऊन जात असताना तो दाराशी वळून वर्गाला म्हणाला, "तो कागद जपून ठेवा रे. इतके स्वच्छ ठसे माझे आजवर कुणी घेतले नव्हते." त्यावर काही मुलांनी त्याला धन्यवाद दिले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना हवालदार मध्येच थांबले ते हसू आल्यामुळे, मजकुरात चूक असल्यामुळे नव्हे. तो मी सांगितला तसाच लिहिला असून खरा आहे.