चोवीस पोर्ट आणि एक लोंबती वायर

वायरभाऊ, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (रुग्णालयात नेटवर्क टेक्निशियन), राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. खरे नाव ओळखपत्रावर आहे, पण त्या नावाने मला तिथे कोणी हाक मारत नाही.

समक्ष ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, मला कोणी बोलावलेले नाही. वॉर्डातल्या मावशींना सकाळपासून इथे बसवून ठेवल्याचे कळले, म्हणून मी आपणहून आलो.

चौथ्या मजल्यावर बारा खोल्या आहेत. रुग्णाच्या उशाशी असलेल्या मॉनिटरची वायर भिंतीतल्या खोबणीतून स्विचला, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या वायरी जोडणाऱ्या पेटीला, जाते आणि नाडीचे ठोके सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसतात. एकाच वायरची दोन्ही टोके भिंतीत गेली, तर तेच संदेश गोल फिरत राहतात आणि नेटवर्क गुदमरते. असे होऊ नये म्हणून स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. ती अशी फेरी तपासून ओळखते आणि तो पोर्ट, म्हणजे पेटीतली त्या वायरची जागा, आपोआप बंद करते.

मागच्या महिन्यात त्याच मजल्यावरच्या डॉक्टरांच्या खोलीत कोणीतरी घरचा छोटा स्विच आणून लावला. त्यामुळे तिथला पोर्ट सारखा बंद पडू लागला. सिस्टर म्हणाल्या, "वायरभाऊ, हे नेटवर्क आहे का रुसलेला जावई?" तो स्विच काढून घेणे माझे काम होते. डॉक्टरांशी कोण वाद घालणार, म्हणून मी त्या पोर्टवरची फेरीची तपासणीच बंद केली. आदेश देताना एका पोर्टऐवजी एक ते चोवीस असे सगळेच टाकले, म्हणजे पुन्हा कुणाचा फोन नको. सोमवारी पूर्ववत करू असे ठरवले होते. त्यानंतर चार सोमवार गेले.

काल सकाळी १०.४० वाजता सिस्टरचा फोन आला, "सगळे पेशंट स्क्रीनवरून गेले. पळत या." मी वर पोहोचलो तेव्हा दोघी सिस्टर एकेका खोलीत जाऊन रुग्ण पाहत होत्या. बारावी खोली कोपऱ्यात आहे आणि तिचे दार बंद असते. आतला मॉनिटर ओरडत होता, तो बाहेर ऐकू आला नाही. तिथे एक निवृत्त शिक्षिका होत्या. सिस्टर १०.५१ ला आत गेल्या.

तिसऱ्या खोलीतला मॉनिटर दुसरीकडे नेला होता. त्याच्या वायरचे एक टोक भिंतीतच होते आणि मोकळे टोक शेजारच्या खोबणीत खोचलेले दिसले. मी ते १०.५३ ला ओढून काढले. स्क्रीनवर बाकीच्या अकरा चौकटी परत आल्या. शेवटच्या, बाराव्या खोलीच्या चौकटीत सरळ रेघ होती.

बाईंचा मुलगा औषध आणायला खाली गेला होता. तो पिशवी घेऊन आला आणि माझ्या हातातली वायर पाहून म्हणाला, "झाली का दुरुस्त?" मी हो म्हणालो. त्याला अजून काही माहीत नव्हते. हा जबाब मी तोंडी सांगितला आणि हवालदारांनी लिहून घेतला.

मावशींनी वायर का खोचली, असे मला विचारण्यात आले. सहा महिन्यांपूर्वी एक रुग्ण वायरीत पाय अडकून पडला, तेव्हा मी मावशींना सांगितले होते, "लोंबती वायर दिसली की शेजारच्या खोबणीत खोचून टाकत जा." तेव्हा तपासणी चालू होती, खोचली तरी काही बिघडले नसते. तपासणी काढल्यावर त्यांना तसे सांगायचे माझ्या डोक्यात आले नाही. त्यांनी काल मी सांगितले होते तेच केले.

बाहेर बाकावर त्या भेटल्या. त्यांनी अजून माझे नाव घेतलेले नाही. मला म्हणाल्या, "तू कशाला आलास रे? घरी लहान लेकरू आहे तुझं."

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "मावशींच्या चुकीमुळे" असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "माझ्या चुकीमुळे" असे केले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.